मीठ तिसऱ्या घरचं

आई, मागच्या महिन्यात आपल्या पट्टीची मोजणी झाली. तू डब्यांच्या कमाईतून घेतलेली, वडगावच्या रस्त्याला लागून असलेली, टोकाला शेवगा असलेली ती लांबट जमीन. तुझ्या हयातीत ती कधी मोजली गेली नाही. दुसऱ्यांच्या बांधावर जन्मभर जेवणं वाढत फिरलीस, पण स्वतःच्या बांधावर कधी मोजणीदार बोलावला नाहीस. मी विचारलं की म्हणायचीस, "आपलं कोण उचलून नेतंय?" मला त्या पट्टीवर नवं स्वयंपाकघर बांधायचं होतं. भिंत घालायची तर हद्द पक्की हवी, आणि हद्द पक्की व्हायची तर शेजारच्या तात्यांनी मनापासून हो म्हणायला हवं. तात्या हो म्हणेनात. सगळं घोडं तिथंच अडलं होतं. ते कसं सुटलं ते तुला सांगावंसं वाटलं, म्हणून आज भाकऱ्या उरकून, हात धुऊन बसलेय. हाताला अजून पिठाचा वास आहे.

पण आधी इथं काय काय बदललंय ते सांगते, नाहीतर तुला यातलं निम्मं कळायचं नाही. तुझ्या वेळेला मोजणी म्हणजे सरकारी, दुसरी नाहीच. तालुक्याच्या कचेरीत अर्ज टाकायचा आणि वाट बघायची. तातडीची फी भरली तरी वाट बघायचीच. तारीख येईपर्यंत रानातला ऊस तुटून त्याच खोडांवर पुढचा खोडवा उभा राहायचा. पण एकदा तारीख आली की तो दिवस घरच्या कार्यासारखा असायचा. चारी बाजूंच्या शेजाऱ्यांना नोटिसा जायच्या. मोजणीदार साहेब यायचे, त्यांच्या माणसांबरोबर लोखंडी साखळी, झेंडे, तीन पायांचं टेबल, चुन्याची पिशवी. पंच यायचे, मध्यस्थी करणारे यायचे, ज्यांचा काही संबंध नाही असेही चार जण पारावरनं उठून यायचे. काम उन्हं कलेपर्यंत चालायचं. आणि एवढ्या माणसांना दुपारी भूक लागायची.

तुझा धंदा त्या भुकेतून सुरू झाला. कचेरीसमोर तुझी चहाची टपरी होती तेव्हाची गोष्ट तू मला कितीदा सांगितलीस. एक मोजणीदार संध्याकाळी परत आले ते सरळ तुझ्या बाकड्यावर आडवे झाले. दिवसभर उपाशी. ज्यानं मोजणी मागितली त्याच्या घरी जेवावं तर शेजारी म्हणणार, साहेबांनी त्याचं खाल्लंय, आता रेघ इकडं सरकणार. शेजाऱ्याकडं जेवावं तर हा तेच म्हणणार. आणि दोघं एकमेकांच्या घरचं पाणीही पीत नाहीत. तू त्यांच्यापुढं चहा ठेवलास आणि म्हणालीस, "साहेब, म्होरच्या मोजणीला मी येतो. माझा कुणाच्याच बांधाला बांध न्हाय." तेव्हा ही पट्टीसुद्धा तुझी नव्हती. खरंच कुणाच्या बांधाला बांध नव्हता तुझा.

पुढं त्याला तू स्वतःची रीत लावलीस. मोजणीच्या दिवशी पातेल्यात सगळ्या बाजूंचा वाटा पडला पाहिजे. कुणी मूठभर तूरडाळ, कुणी वांगी, कुणी जळण, कुणी नुसत्या चार हिरव्या मिरच्या. ज्याचा वाटा नाही त्याच्यासाठी पान नाही, मग तो पाटील असो की मोजणीदार. शेंगा आपल्या शेवग्याच्या, आणि मीठ तर तू कुणाचं घ्यायची नाहीस. मीठ तुझ्या चिनी मातीच्या बरणीतलं, ना या बाजूचं ना त्या, तिसऱ्या घरचं. "म्हंजे कसं, जेवून उठल्यावर कुणाच्या बी तोंडावर खरं बोलाया मोकळं," असं म्हणायचीस. मला लहानपणी वाटायचं सगळीकडं जमिनी अशाच मोजतात, आधी डाळ गोळा करतात, मग साखळी टाकतात.

कागलकडच्या एका गावातली ती मोजणी तुला आठवतेय का? दोघा सख्ख्या भावांची. मी शाळेत होते, सुट्टी म्हणून तू मला बरोबर घेतलेलंस. थोरल्याची बायको मला परसात घेऊन गेली आणि हातावर गुळाचा खडा ठेवला, नवीन गुळाचा, अजून मऊ असलेला. मी तो चघळत चुलीपाशी आले. तू माझ्या गालाकडं बघितलंस.

"काय खाल्लंस?"

"गूळ."

"कुणाचा?"

मी बोट केलं.

"मग जा, तिकडं बस. आता तू त्यांच्याकडची."

मला वाटलं तू चेष्टा करतेस. पण तू पळी हातात घेऊन उभीच. मी बांधावर, थोरल्या भावाच्या माणसांत जाऊन बसले, मिशावाल्या बाप्यांच्या रांगेत, फ्रॉक गुडघ्यावर ओढून. जेवायची वेळ झाली तेव्हा तू सगळ्यांना वाढत वाढत आलीस, माझ्यापुढं थांबलीस आणि ओळख नसल्यासारखी म्हणालीस, "पावणं, आमटी वाढू काय?" आधी धाकटा भाऊ हसला, मग थोरला, मग साखळी धरणारे. मी रडायच्या बेतात होते, पण सगळेच हसताहेत म्हटल्यावर मलाही हसू आलं. परत येताना एसटीत तू माझं डोकं मांडीवर घेतलंस आणि पदरातून गुळाचा खडा काढलास. आपल्या घरचा. सकाळपासून बांधून आणलेला.

आणखी एक आठवण इथंच सांगून ठेवते, कारण ती पुढं लागणार आहे. मोजणी कुठल्याही गावची असो, निघायच्या आधी घरी केलेल्या आमटीचा एक डबा तात्यांच्या घरी जायचा. तो मी नेऊन द्यायची. तात्या दारातच घ्यायचे, झाकण उघडून आमटीतली शेंग बोटांनी दाबून बघायचे आणि म्हणायचे, "आज शेंगा जून हायत," नाहीतर, "आज बरं जमलंय तुझ्या आईला." कधी थँक्यू नाही की काही नाही. मला त्यांचा राग यायचा. तू म्हणायचीस, "शेजार हाय. असूंदे." मी समजायची, तुझा स्वभाव.

तर आता हे सगळं गेलं. म्हणजे कचेरी आहे, शिक्काही तिचाच आहे, पण माप घ्यायला आता सरकारी माणूसच लागतो असं राहिलं नाही. सरकारनं खासगी लोकांना परवाने दिले. परवाना असलेला कुणीही शिकलेला मोजणीदार रानात जाऊन माप घेतो, नकाशा काढतो, कचेरी तो तपासून देते. तू बघितलं असतंस तर डोक्याला हात लावला असतास. तुझ्या टपरीच्या जागेपासून बसस्टँडपर्यंत मोजणीचेच बोर्ड. झेरॉक्सच्या दुकानात मोजणी, मोबाइलच्या दुकानात मोजणी. एकानं लिहिलंय, 'लग्नसराईनिमित्त खास सवलत'. लग्नाचा आणि मोजणीचा काय संबंध, विचारलं, तर म्हणाला, "काकी, लगीन ठरलं की वाटणी निघतीया." तुझ्या हातची भाकरी खाऊन निवृत्त झालेले एक साहेबसुद्धा परवाना काढून बसलेत, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा लावून, एकदम तरणे दिसतात. सिमेंटचे हद्दीचे खांब रंगवून तयार मिळतात. प्लॉटवाल्यांची चलती आहे. एकानं दर उतरवला की समोरचा दुसऱ्या दिवशी बोर्ड पुसून नवा लिहितो.

खोटं कशाला सांगू, लोकांचं बरंही झालं. गडहिंग्लजच्या आपल्या मावशींची वाटणी किती वर्षं मोजणीच्या तारखेवर अडकली होती. ती पंधरवड्यात झाली, आणि मावशी पेढे घेऊन स्वतः एसटीनं आल्या. आता साखळी नाही, टेबल नाही. एका काठीवर पांढरी टोपी असते, आळंब्यासारखी दिसते, ती रानात ठिकठिकाणी उभी करायची, झालं. चहा उकळेपर्यंत एक बाजू मोजून होते. दुपारच्या आत मोजणीदार दुसऱ्या गावाला. मग जेवतंय कोण?

आणि जेवण गेल्यावर दुसरं एक सुरू झालं, ते तुला पहिल्या दिवशीच कळलं असतं, मला उशिरा कळलं. मोजणीदाराला पैसे एक बाजू देते, म्हणून दुसरी बाजू म्हणते, तो त्यांचा माणूस. मग ती आपला माणूस आणते. दोन मोजणीदार, दोन मशिनं, दोन चुन्याच्या रेघा, आणि मध्ये हातभर जागेत भांडण. तुझ्या काळात सरकारी साहेबांवर सगळे मिळून संशय घ्यायचे, त्यातही एक एकी होती.

माझा धंदा मात्र बसला. मोजणीची बोलावणी कमी झाली, नुसत्या कामगारांच्या डब्यांवर चूल पेटती ठेवली. त्यात वडगावातल्या एक जैन वहिनी या धंद्यात उतरल्या. माझ्याच वयाच्या. आपल्या भागात निम्म्या मोजण्यांत एका तरी बाजूला जैन शेतकरी असतो, तू त्यांच्यासाठी बिनकांद्याचं वेगळं पातेलं लावायचीस. वहिनींनी सगळंच बिनकांदा-लसणाचं केलं, म्हणजे कुणालाही चालेल. एक छोटी पांढरी गाडी घेतली, तिच्यावर मोठा फोन नंबर लिहिला, आणि रानातच शेगडी लावून गरम वाढायला लागल्या. ती गाडी रोज माझ्या दारावरून जायची. नंबर मला पाठ झाला होता. मी शेजारणींना म्हणायची, कांदा-लसणाशिवाय ती काय आमटी म्हणायची, नुसतं पिवळं पाणी.

अशात राजारामपुरीतल्या एका मोजणी कंपनीचे मालक माझ्याकडं आले. सगळे त्यांना सर म्हणतात. हुशार माणूस, बोलणं गोड. त्यांच्या ध्यानात आलं होतं की लोक जेवायला थांबले तर माप नीट बघतात, शंका तिथंच विचारतात, नंतर हरकती येत नाहीत. म्हणून त्यांनी पॅकेज काढलं होतं. मोजणी, नकाशा, खांब आणि जेवण, सगळं एकात. जेवण माझं, डब्याच्या झाकणावर नाव त्यांच्या कंपनीचं. अट एकच, माझं जेवण दुसऱ्या कुठल्या मोजणीदाराच्या कामावर जायचं नाही. रोजचं काम, ठरलेला दर. आई, मी त्या रात्री आनंदानं नीट झोपले नाही. एवढे डबे आपल्या त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात होणार नव्हते, म्हणून पट्टीवर नवं बांधायचं ठरवलं. सर म्हणाले, "मग मॅडम, तुमची हद्द आपणच मोजून देऊ. घरचंच काम आहे." कराराचा कागद मोजणी झाल्यावर करू म्हणाले.

मी तात्यांना सांगायला गेले. ते आता काठी घेऊन चालतात, पण आवाज तसाच, गल्लीच्या टोकाला ऐकू जाणारा. म्हणाले, "मोजणी? कशापायी? तुझ्या आईला कवा लागली न्हाय ती."

"बांधायचंय, तात्या. तुम्ही फक्त येऊन उभं राहा आणि हो म्हणा."

"उभा ऱ्हातो. हो म्हणायचं नंतर बघू."

मोजणीच्या दिवशी मी पहाटे उठून स्वयंपाक केला. भाकरी, भरीत, खर्डा, आणि तुझी आमटी, कांदा-लसणाची चटणी सढळ हातानं घातलेली. कंपनीचे नवे डबे आले होते, ते भरले. माझ्याच जमिनीची मोजणी, मीच पाहुणचार करायला नको? ही चूक तुझ्या हातून स्वप्नातसुद्धा झाली नसती. मला मात्र ती चूक आहे हे कळलंसुद्धा नाही. तुझी मिठाची बरणीही मी कौतुकानं पिशवीत घालून नेली होती.

सर आले, डोक्यावर कंपनीची टोपी. तात्या शेवग्याखाली, स्वतःच्या बाजूला बसलेले. मी डबा पुढं केला. त्यांनी तो हातात घेतला नाही, नुसतं झाकण वाचलं. मग सरांच्या टोपीकडं बघितलं.

"डब्यावर ह्येंचं नाव, टोपीवर बी ह्येंचंच. आमटी तुझी, जमीन बी तुझी. मग मला कशाला बोलावलंयसा? फोटो काढाया?"

सर हसले. "काका, काळजी करू नका. मशीन कुणाचं ऐकत नाही. माप वर उपग्रहावरून येतं."

"उपग्रह जेवत न्हाय, ते मला ठावं हाय," तात्या म्हणाले. "तुमी जेवताय की."

तात्या माझ्याकडं वळले. "तुझ्या आईनं तुला एकदा गुळापायी बांधावर बसवलंतं नव्हं? सांगायची ती हसून हसून. मग बस की आता. आज तू अर्जदार हायस. अर्जदारानं पातेल्याला हात लावायचा न्हाय."

मी हातात डबा घेऊन तशीच उभी राहिले. आई, मला एकदम कळलं की गेले कित्येक दिवस मला करार, डबे, झाकणं, भिंत, सगळं दिसत होतं, आणि तुझ्या पातेल्याचं मोल ज्याच्यामुळं होतं तेवढंच मी सरांना देऊन टाकायला निघाले होते. बाजारात मीठ काय, कुठंही मिळतं. तिसरं घर मिळत नाही.

सर घड्याळ बघत होते. हळूच म्हणाले, "मॅडम, त्यांनी सही नाही केली तरी चालतंय. मी माप घेतो, तसा शेरा मारून नकाशा कचेरीत देऊ. भिंत घालायला अडचण नाही." खरं होतं ते. अडचण नव्हती. रोज सकाळी खिडकी उघडल्यावर समोर तात्यांचं तोंड फिरवलेलं दिसलं असतं, एवढंच.

मी सरांना थांबायला सांगितलं आणि तो पाठ असलेला नंबर लावला.

"वहिनी, एका मोजणीला जेवण पाहिजे होतं. आत्ताच."

"आत्ता? कुठली मोजणी म्हणायची?"

"माझी."

पलीकडं वहिनी जे हसायला लागल्या ते थांबेचनात. फोन तात्यांनाही ऐकू जात होता. "आलो की," त्या शेवटी म्हणाल्या. "पण ताई, माझ्यात कांदा-लसूण नसतंय बघा. तुमास्नी पिवळं पाणी चालतंय न्हवं?"

म्हणजे माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलेलं होतं. मी म्हटलं, चालतंय.

"आणि रीत कुठली? माझी का तुमच्या आईंची?"

"आईची."

गाडी आली तशा वहिनी उतरल्या, पदर खोचला, आणि मला ओलांडून सरळ तात्यांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. "बोला तात्या, तुमचा वाटा?" तात्या उठले, आकडी आणली, आणि त्या वयात मान वर करून शेवग्याच्या शेंगा काढायला लागले. कोवळ्या, निवडून निवडून. आपल्याच झाडाच्या, पण तेव्हा कोण अडवतंय. माझ्या वाट्याची तूरडाळ मी घरातून आणली. मग वहिनी सरांकडं वळल्या. "सर, तुमचं काय?" सर म्हणाले, मी काय देणार, माझ्याकडं मशीन आहे. "मशीन शिजत न्हाय," वहिनी म्हणाल्या. शेवटी सरांनी गाडीतून पाण्याचा कॅन आणला आणि स्वतःच्या हातानं पातेल्यात ओतला. कंपनीची टोपी वाफेनं भिजायला नको म्हणून काढून ठेवली, ती दिवसभर पुन्हा घातलीच नाही. मीठ वहिनींच्या स्टीलच्या डबीतलं. तुझी बरणी पिशवीतच राहिली. मी तिचं झाकण एकदा घट्ट केलं आणि बांधावर जाऊन बसले, अर्जदाराच्या जागी.

आमटी शेगडीवर आणि माप रानात, दोन्ही बरोबरच चाललं. तात्या काठी टेकत सरांच्या मागोमाग प्रत्येक खुणेला गेले. काठीवरची पांढरी टोपी जिथं थांबेल तिथं तेही थांबायचे. हळूहळू चुन्याची रेघ पुढं सरकत आली, पाऊलवाटेपासून, मधल्या दगडावरून, शेवग्याकडं. आणि शेवग्याच्या आतून गेली. आतून म्हणजे आपल्या बाजूनं, आई. बुंधा सगळा तात्यांच्या हद्दीत.

मी उठून उभी राहिले. सरांनी पुन्हा बघितलं, पुन्हा तेच. तू लावलेला शेवगा. ज्याच्या शेंगा तू साऱ्या तालुक्याला खाऊ घातल्यास. तात्यांना मात्र काही नवल वाटलेलं दिसेना. ते खोडावर हात ठेवून शांत उभे होते.

"तुम्हाला माहीत होतं, तात्या?"

"मला ठावं हुतं, आणि तुझ्या आईला बी. रोप लावलं तवाच मी बोललोतो, बाई, ही माझी बाजू. ती म्हणाली, लावलंय ते असूंदे, शेंगा निम्म्या निम्म्या. मी म्हटलं, मला शिजवून कोण घालतंय? तर म्हणाली, मी घालतो. तवापासनं डबा." मग म्हणाले, "झाली आमची मोजणी. तिला कशाला पायजे हुता सायेब?"

"मग सकाळी बोलला का नाहीत?"

"तुझ्या मशिनला ठावं हाय का ते बघत हुतो."

मी हसले, आई. मोठ्यानं हसले, अगदी पोट धरून. ज्या बाईनं कुणाच्या घरचं मीठसुद्धा पातेल्यात पडू दिलं नाही, तिच्या प्रत्येक आमटीत तात्यांच्या शेंगा होत्या. तो मी नेऊन द्यायची तो डबा म्हणजे शेजारधर्म नव्हता, झाडाच्या जागेचा खंड होता. आणि तू ते मला एकदाही सांगितलं नाहीस. तात्या दारात झाकण उघडून शेंग दाबून बघायचे, ते मालक म्हणून बघायचे. तू गेल्यावर डबा बंद झाला. मला काय माहीत. तात्यांनी तेव्हाही विचारलं नाही. त्या दिवशी मी म्हटलं, "मग मला मागायचं होतं की," तर म्हणाले, "शेजारच्या पोरीकडं भाकरी मागू व्हय?"

जेवायला आम्ही रेघेच्या दोन्ही बाजूंना बसलो. वहिनी वाढत आल्या. तात्यांनी त्यांना काय सांगितलं होतं कोण जाणे, पण माझ्यापुढं त्या थांबल्या, पळी उचलली आणि म्हणाल्या, "पावणं, आमटी वाढू काय?" मी मान खाली घालून वाटी पुढं केली. आमटी गरम होती, डोळ्यांत पाणी आलं ते त्यानंच आलं असं म्हणायला जागा होती. तात्यांनी जेवून, हात धुऊन, पुसून मग सही केली. त्यांनी आधी चष्मा पुसला आणि मग नाव असं सावकाश लिहिलं की पुढच्या गावच्या लोकांचे सरांना तोवर तीन फोन येऊन गेले.

सरांना मी तिथंच सांगितलं की जेवण देईन, पण झाकणावर नाव नको आणि अटही नको, जो बोलावेल त्याच्याकडं जाईन. ते म्हणाले, "मॅडम, धंदा असा होत नाही." मी म्हटलं, हा धंदा असाच सुरू झाला होता. जाताना त्यांनी उरलेली आमटी बाटलीत भरून मागितली. गेल्या आठवड्यात त्यांचाच फोन आला, एका अवघड मोजणीसाठी. तिथं दोन्ही बाजूंनी आपापले मोजणीदार आणले होते. मी दोघा मोजणीदारांकडंही वाटा मागितला. एकानं टोमॅटो आणले, एकानं लिंबं. जेवताना दोघांनी आपापले नकाशे एकमेकांच्या मांडीवर पसरले, त्यावर आमटी सांडली, आणि पुढचा सगळा वेळ ते दोघं मिळून आमटीच पुसत होते. हद्द एकच निघाली. पॅकेजइतकं रोजचं काम मला नाही. पण बोलावणी पुन्हा येऊ लागलीत, आणि दोन्ही बाजूंकडून येतात.

भिंत रेघेच्या आत घेतलीय. स्वयंपाकघर ठरवलं होतं त्यापेक्षा अरुंद झालंय, पण खिडकी शेवग्याकडं काढलीय. तात्यांचा डबा पुन्हा सुरू केला. काल म्हणाले, "शेंगा बऱ्या, मीठ कमी." वहिनींच्या माहेरच्या रानाची मोजणी पुढच्या महिन्यात आहे, तिथं स्वयंपाक माझा. असं आमचं ठरलंय, त्यांच्या मोजणीला मी, माझ्या मोजणीला त्या. बाकीच्या दिवशी आम्ही एकमेकींची गिऱ्हाइकं पळवतो आणि संध्याकाळी फोनवर कुणाची कुठली पळवली ते सांगून हसतो.

एवढंच सांगायचं होतं. आता हे पत्र तुझ्या बरणीखाली ठेवीन म्हटलं, पण तिथंही नको. तुझ्या हाताला लागेल असं कुठंच नको, कारण एक गोष्ट लिहायची राहिलीय आणि ती तू वाचू नयेस. त्या दिवशी मी आमटी तीनदा मागून घेतली. कांदा नाही, लसूण नाही, आणि तरी, आई, वहिनींची आमटी तुझ्या आमटीपेक्षा चांगली होती. शेंगांमुळं असेल, असं मी तेव्हापासून मनाला सांगून बघतेय. पण शेंगा त्याच होत्या.